श्पानेलबाईंचं वळण

मोजणीदार हाव्रानच्या पहिल्या नकाशात
हा रस्ता इथं नाकासमोर जातो,
चर्चच्या फाटकापासून दगडी पुलापर्यंत,
अकराशे मीटर, टाकाच्या एका ओढीत.
माझे वडील तेव्हा चौदा वर्षांचे,
मोजणीच्या साखळीचं दुसरं टोक त्यांच्या हातात.
सांगायचे, तिसऱ्या दिवशी साखळी
एका पेअरच्या झाडाला जाऊन अडली.
झाडाखाली क्वेता श्पानेलोवा
मांडीवर बदक घेऊन पिसं उपटत होती.
तिनं वर पाहिलं नाही.

हाव्राननं पैसे सांगितले. मग जास्त सांगितले.
मग ब्र्नोहून येणाऱ्या साहेबांची नावं,
बव्हेरियाच्या मोटारी, तिकीट काढून येणारी
चाळीस हजार माणसं.
ती म्हणाली, "त्यांना म्हणावं, वळून जा."

मुलांना वळण लावतात, अक्षराला लावतात.
रस्त्याला लावलेलं मी हे एकच ऐकलंय.

त्या रात्री खाणावळीत
हाव्राननं सुपाची बशी नकाशावर पालथी घातली
आणि कडेकडेनं पेन्सिल फिरवली.
अर्ध्यावर बशी सरकली.
वडिलांनी पाहिलं, त्यानंही पाहिलं,
पण उशीर झाला होता, आणि खोडरबर वर खोलीत होतं.

म्हणून हे वळण शेवटी आवळत जातं.
संपलं असं वाटून तुम्ही मूठ पिळता
आणि ते संपलेलं नसतं.
पुढं जाडजूड पुस्तकांत याला
हाव्रानची प्रतिभा म्हणाले, आकृत्या काढल्या,
त्रिज्या मोजल्या दोन दशांशांपर्यंत.
वडील ते वाचून दाखवायला लावायचे
आणि खोकला येईपर्यंत हसायचे.

युद्धात इथून रणगाडे गेले.
त्यांना घाई नव्हती, त्यांनी वळण नीट घेतलं,
फक्त डांबर उखडलं.
मग सामुदायिक शेतीच्या बिटाच्या गाड्या,
चिखल, बिटाचा लगदा,
आणि वर्षातून एका रविवारी
गवताच्या गठ्ठ्यांमधून ओरडत जाणाऱ्या मोटारसायकली.

अठ्ठावन्नच्या ऑगस्टमध्ये
मी कुंपणावर बसले होते, बारा वर्षांची, हातात काकडी.
ग्योरचा एक मुलगा होता, बालिंत नावाचा,
सरावात सगळ्यांत वेगवान.
त्यानं मूठ पिळली.
पुढचं मी कुणाला सांगत नाही.
झाडावरून पेअर पडत राहिले,
बराच वेळ, एकेक.

आयोग आला. कागद आले.
आयोगाच्या आधी श्पानेलबाई आल्या होत्या,
सत्तरीच्या, नवऱ्याची करवत घेऊन.
एक टोक त्यांच्या हातात होतं,
दुसरं धरायला कुणी पुढं होईना.
शेवटी माझे वडील गेले.
संध्याकाळपर्यंत दोघं करवत ओढत होते, न बोलता.

झाड गेलं.
ज्याच्यासाठी वळण होतं ते गेलं, वळण राहिलं.
रस्ता सरळ करायचा ठराव दोनदा झाला,
दोन्ही वेळा कुंपणालाच पैसे पुरले.

आता महामार्गापलीकडं नवा ट्रॅक आहे.
संगणकावर आखलेला, कडेला खडीचे रुंद पट्टे,
चुकणाऱ्याला थांबायला जागा.
चांगला आहे. मी पाहून आले.
तिथं कुणाचं घर आडवं आलं नव्हतं.

इथं दुधाची गाडी जाते, शाळेची बस,
जून महिन्यात जुन्या मोटारसायकलींवर जुनी माणसं.
बुंधा होता तिथं डांबर दर हिवाळ्यात खचतं.
नगरपालिका भरते, ते पुन्हा खचतं.
कडेचे दगड मी रंगवते, त्रेसष्टपासून.
यंदा गुडघे वाकत नाहीत,
म्हणून भाचा तोमेक आलाय, कानात तारा घालून.
त्यानं लाल डबा आधी उघडला.

अरे, पांढरा आधी.
लाल पांढऱ्यावर बसतो.
पांढरा लालवर कितीही हात दे,
खालून दिसत राहतं.