तीन तारखेला

दर महिन्याच्या तीन तारखेला पहाटे
फोन उशीखाली गुरगुरतो.
एकशे नव्व्याण्णव गेले.
पाठोपाठ एकोणपन्नास.
मग जरा दमाने, सहाशे एकोणपन्नास.

मी लोकांची खाती तपासते, पगार त्याचाच घेते,
चकाल्यात, सातव्या मजल्यावर.
तिथे अकरा रुपयांचा फरक सापडेपर्यंत
कुणाला घरी जाऊ देत नाही.

आज रविवार. कन्नमवार नगरात पाणी भरून झालं,
चहा घेऊन बसले,
एकेक मुळापासून उपटायचं म्हणून.

एकशे नव्व्याण्णव: नदीचा आवाज.
समोर रात्रभर पायलिंग चालायचं
तेव्हा झोपेसाठी घेतला होता.
खडकावरून, वाळूतून, लाकडी पुलाखालून,
असे सतरा प्रकार. (आपल्याकडे नदी म्हणजे मिठी,
तिचा आवाज कोण विकत घेणार!)
आता तिथे तेवीस मजले आहेत,
लोक राहतात, गॅलरीत गाद्या वाळत घालतात,
आणि मी अजून नदीचे पैसे भरतेय.

रद्द करा, म्हटलं.
जाताय? विचारलं त्याने.
कारण सांगाल?
अर्ध्या किमतीत थांबता का?
नक्की?
गुहागरची मामीसुद्धा निघताना इतका आग्रह करत नाही.
नक्की, म्हटलं. गेली नदी.

एकोणपन्नास म्हणजे जुने फोटो.
ते राहू दे. बघू.

सहाशे एकोणपन्नास.
कोण पाहतंय? असं विचारून
चार चेहरे समोर धरतं.
माझ्या चेहऱ्याला वर्षभर कुणी बोट लावलेलं नाही.
शेजारी हिरवा, हसरा: निनाद.
त्याच्याखाली
नॉर्वेतल्या मासेमारीवरचं काहीतरी,
भाग चौथा, बावीस मिनिटं बाकी.
गेल्या रविवारी दुसरा होता.

म्हणजे जागतो अजून उशिरापर्यंत.
म्हणजे वसईच्या त्या खोलीत नेट आहे.
बावीस मिनिटं बाकी, म्हणजे झोप लागली.

बिल्डरच्या भाड्याचा चेक कुणाच्या नावे, एवढंच होतं.
निघतो, म्हणाला.
मी कागदांना टाचण्या लावत होते.
जातोस? कारण काय? थांबतोस का?
यातलं एकही.

रद्द करा, वर बोट धरून
किती वेळ गेला कोण जाणे, चहावर साय आली.
मग वाटलं, बघावं तरी काय पाहतो ते,
नॉर्वेची बोट, बर्फ, दोऱ्या.
पण उघडलं नाही.
त्याची खूण हलली असती
बावीस मिनिटांवरून.