पारखलेलं

पितृपक्षात धंदा थंडावला की
सगुणा सोनझरी माझ्या दुकानापुढची नाली विकत घेते.
नाली म्हणजे नालीतला गाळ,
वर्षभराचा कीस, झाडणीतून निसटलेला.
यंदा त्यात काही नव्हतं म्हणाली.
वैनगंगेच्या रेतीत मात्र, काळ्या कणांखाली,
पाट्याच्या कोपऱ्यात हे अडकलं होतं,
चिंचोक्याहून थोडं मोठं, चिलमीतल्या राखेसारखं.
"चांदी होये का पाय बरं, शेट."

सवयीनं कानस उचलली. मग थांबलो.

एका बाजूला मुंडकं, केसांत पानांची माळ,
ओठ मिटलेले,
उधारी नाकारताना माझा बाप दिसायचा तसे.
आणि गालावर, नाकापासून कानापर्यंत,
छिन्नीचा एकच घाव.
तो कुठल्या शत्रूचा नव्हे, सोनाराचा आहे.
मी ओळखतो. धार पातळ,
हात जरा भीत भीत पडलेला.
आत तांबं निघालं तर सौदा मोडला,
नाही निघालं तर परक्या राजाचं तोंड फुकट बिघडवलं.
नव्हतंच निघालं.

पाठीवर दोन पोरं उभी,
मधे ढाली, ढालींमागे भाले.
उके सरांनी भिंग लावून सांगितलं,
हे त्याचे वारस. लेकीचे मुलगे, दत्तक घेतलेले.
एक अठराव्या वर्षी गेला, दुसरा तेविसाव्या.
म्हातारा उरला.
"मंग राज कोनाले भेटलं?"
"बायकोच्या आधीच्या पोराला."
"तो कुठी हाय यात?"
"नाही."
सगुणानं त्या दोघांवरची रेती पदरानं पुसली,
आधी डावा, मग उजवा.
तिचे दोघे बोअरच्या गाडीवर आहेत, मद्राशाकडं,
थोरल्याचा फोन होळीपासून लागत नाही.
हे ती बोलली नाही. मला ठाऊक आहे.

काट्यावर तीन ग्रॅम सहाशे भरलं.
भाव मी सांगितला नाही, तिनंही विचारला नाही.
सर म्हणाले, सरकारात जमा करावं लागतं,
म्हणून तिघं तहसिलीत गेलो, दुपारच्या एस.टी.नं.
बाबूनं रजिस्टर ओढलं,
नाणं एकदाच उलटवलं
आणि लिहिलं:
पांढरा धातू, गोल, नग एक, खराब.

मी म्हणालो, खराब नाही साहेब,
पारखलेलं लिहा.
तो म्हणाला, तसा रकाना नाही.
सगुणाचा अंगठा तोवर शाईत बुडाला होता.