अंग सैल

वेंडेल ऑस्ट्रँडर पहिल्यांदा आला
तेव्हा मी मांजरांच्या ट्रेमधली वाळू चाळत होते.
उंच माणूस, दारातून वाकून आत आला
आणि टोपी काढून हातात धरली,
जणू घरात कुणी आजारी आहे.

रिव्हरसाइडच्या पूर्वेला, टेकड्या वाळक्या गवताच्या होतात
तिथे माझं घर.
मागे संत्र्याची चार झाडं, त्यातलं एक वांझ.
आत सतरा निळे डोळे:
नऊ मांजरं, आणि थोरलीचा एक डोळा
काढावा लागला गेल्या साली.

माझं भाषण पाठ आहे. सुरू केलं.
जन्मतात तेव्हा सगळी पांढरी, सोललेल्या बदामासारखी.
मग आठवड्याभरात
अंग जिथे गार पडतं, तिथे रंग चढू लागतो.
कानांची टोकं, नाक, पंजे, शेपूट.
ऊब असते तिथे फिकंच राहतं.
सील म्हणजे करपलेली कॉफी.
ब्लू म्हणतात, पण निळा नसतोच तो,
पेन्सिलीच्या शिशाचा असतो.
लायलॅक, राखेवर पहाट पडावी तसा.
कुणाला पांढरे मोजे,
कुणाच्या कपाळावरून नाकाकडे पांढरा फाटा,
चिमटीतून पीठ सांडल्यासारखा.
पुरता रंग यायला तीन वर्षं.
धीर असेल तरच घ्या.

मग पिल्लू उचलून त्याच्या हातात दिलं.

हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला करते.
चिंध्यांच्या बाहुलीचं नाव आहे यांना;
सगळीच नाहीत, पण हे पिल्लू तसं होतं.
मान टाकली, चारी पाय सोडून दिले,
ओल्या टॉवेलसारखं लोंबलं.
लोक हसतात इथे.

तो हसला नाही.
त्याचा तळवा आपोआप तिच्या मानेखाली गेला,
दोन बोटं बरगड्यांवर टेकली
आणि तिथेच थांबली.
"आमच्या कामात," तो म्हणाला,
"अंग सैल पडलं म्हणजे उशीर झाला."

एकतीस वर्षं काउंटीच्या अग्निशमन दलात.
मला कुठे ठाऊक?

पिल्लू माझ्याकडे देऊन तो बाहेर गेला,
वांझ झाडाखाली बसला वीस मिनिटं.
मग गाडी सुरू झाल्याचा आवाज.
गेलं गिऱ्हाईक, म्हटलं.

तीन आठवड्यांनी, मंगळवारी, परत हजर.
टोपी गाडीतच ठेवून आला होता.
सरळ फरशीवर बसला.
पिल्लू आपणहून गेलं, बुटाची नाडी चावत राहिलं.
कानांवर आता रंग नीट उतरला होता,
जर्दाळूच्या आतल्या बाजूसारखा.
"याला काय म्हणतात?"
मी गप्प.
शेवटी कागदच पुढे केला, त्यावर छापलेलंच होतं:
फ्लेम.
वेंडेलने चष्मा लावला, वाचलं,
आणि असा हसला
की थोरली पलंगाखाली पळाली.

उरलेलं मी घाईघाईने सांगितलं.
पोलादी कंगवा, आठवड्यातून दोनदा.
काखेत आणि मांड्यांमागे गाठी होतात,
कात्री लावायची नाही, बोटांनी सोडवायच्या.
बाहेर सोडायचं नाही. टेकड्यांत कायोटी आहेत
आणि ही खुळी त्यांच्याही पायांत जाऊन लोळेल.
फार वेळ एकटी ठेवायची नाही,
बाथरूमच्या दारापर्यंत मागे येईल, येऊ दे.
उचलताना एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली.

"ते येतं मला," तो म्हणाला.

नाव ठेवलंय बकेट.
अकरा पौंडांची झाली.
त्याचा फोन येतो रात्री, कधी बारा, कधी दोन.
"पडलीय माझ्या छातीवर, सैल," म्हणतो.
"मोजतोय. माझ्या दुप्पट वेगाने धडधडतं हिचं."
मी फोन उशीवर ठेवते.
पलीकडून घुरघुर येत राहते,
त्याचा श्वास, कंगव्याची खरखर,
आणि मला डोळा लागतो न लागतो तोच,
"इनेझ, डाव्या काखेत एक गाठ लागतेय.
कात्री नको म्हणालीस ना?"