निवण्याचा वेग

दोनशे चौदा दुकानं, अकरा गाड्या, एक गोदाम.
रात्री साडेअकराला मी आकडे आत सोडते
आणि खिडकी उघडते.
दवाबाजाराची शटरं केव्हाच खाली आलेली,
पोहेवाल्याची कढई पालथी.

प्रोग्राम सुरुवातीला पिसाटासारखा वागतो.
पालद्याचा थांबा उचलून विजयनगरला चिकटवतो,
राऊची गाडी लसूडियाला वळसा घालून नेतो,
किलोमीटर वाढतात
तरी म्हणतो, चालेल.
नवा मुलगा तन्मय बेलसरे वैतागतो:
ताई, वाईट उत्तर जाणूनबुजून कशाला घ्यायचं?

त्याला घेऊन गेले लोहामंडीत.
इद्रीस मिस्त्रींच्या पुढ्यात ट्रकचा कमानपट्टा,
भट्टीत लाल झालेला.
त्यांनी तो राखेत पुरला, वर आणखी राख ओढली
आणि हात झटकले. आता उद्या.
पाण्यात घातला तर लगेच निवेल की, तन्मय म्हणाला.
निवेल, आणि मग हातोडा लागला की काचेसारखा फुटेल, भिया.
हळू निवला तर आतला कणन् कण
आपली जागा शोधत बसतो.

परतताना मी त्याला एवढंच सांगितलं
की ही पद्धत तिथूनच आलीय:
तापलेलं असताना सगळं चालवून घ्यायचं,
निवत जाऊ तसं चोखंदळ व्हायचं.
माझं लग्न पाण्यात घातलं होतं
हे नाही सांगितलं.

पहाटे उत्तर आलं.
दवाबाजारचं गोदाम बंद,
एक सांवेर रोडला, एक तेजाजीनगरला.
डिझेल सतरा टक्के कमी.
लुणावतसाहेबांनी पेढे मागवले.
मोघेकाकांनी पेढा खिशात ठेवला,
एकतीस वर्षांची वही टेबलावर ठेवली
आणि विचारलं, माझ्या खुर्चीचे
अक्षांश-रेखांश काय आलेत?

वही पेन्सिलीतली.
गेरच्या दिवशी राजवाड्याकडे गाडी नको.
अनंत चतुर्दशीला झांक्या, रात्रीची फेरी रद्द.
जवाहर मार्ग: चारनंतर विसरा.
पिपल्यापाला: कुत्रा. (बांधलेला असतो. नेहमी नाही.)
जुनी इंदूर, झैनब मेडिकल: सात पायऱ्या.

पायऱ्यांसाठी माझ्याकडे रकाना नव्हता.
प्रत्येक थांब्याला चार मिनिटं,
कुणीतरी कधीतरी ठरवलेली. बहुतेक मीच.

नव्या आराखड्याच्या पहिल्या आठवड्यात
भेरूलालच्या गाडीचा ठिपका
रोज तिथे एकोणीस मिनिटं लाल.
फोन केला. तो धापा टाकत होता.
सलाइनची खोकी आहेत, मॅडम, बाई एकट्या,
वरच्या फळीला त्यांचा हात पुरत नाही.
मग तू फळीवर लावून देतोस?
तो गप्प. मग म्हणाला, कापून घ्या पगारातून.

त्या ओळीत मी चाराचे एकोणीस केले.
एक आकडा. बाकी कशाला हात नाही.
आणि पुन्हा भट्टी पेटवली.

सगळं हललं.
राऊची गाडी अन्नपूर्णा रस्त्याने निघाली,
मल्हारगंजचे तीन थांबे दुसऱ्याच्या गळ्यात पडले,
आणि तळाशी, जिथे अकरा असायचे,
तिथे बारा.

लुणावतसाहेब मागे येऊन उभे राहिलेले.
बारावी गाडी कशाला?
सात पायऱ्या, म्हटलं.
त्यांनी चष्मा पुसला.
दोनशे चौदा दुकानांत
अशा पायऱ्या आणखी किती?
माहीत नाही. वही अर्धीच भरलीय आत.

ते खुर्ची ओढून बसले.
पडद्यावर रेघा सुटत होत्या, जुळत होत्या,
सांवेर रोडहून निघालेली एक रेघ
उगाच खजराण्यापर्यंत जाऊन परत आली
आणि प्रोग्राम तिलाही म्हणाला, चालेल.

मी निवण्याचा वेग
आणखी थोडा कमी केला.