चार बोटं पाणी

कार्डावर माझा हुद्दा वॉटरमास्टर.
घरी फोनवर सांगतो : पाटकरी.

फायरबॉच्या पश्चिमेला, कालव्याच्या शेपटाशी
सत्तावीस नंबरचा तुकडा.
चाळीस वर्षं कापूस, मग टोमॅटो, मग खरबूज,
मग नुसतं पांढरं.
आपल्याकडे म्हणतात चोपण, क्षारपड.
इथल्या कागदावर : रिटायर्ड.
जमीनही निवृत्त होते हे मला इथे कळलं.
पेन्शन मालकाला.

मालक ऑर्व्हिल मॅटोस, वय एक्क्याऐंशी.
त्यानं ही जमीन लेझर लावून अशी सपाट केलेली
की या टोकाला ओतलेला तांब्या
त्या टोकाला भरून घ्यावा.
मी तिच्यावर ग्रेडर फिरवला
आणि मुद्दाम बिघडवली :
इथे बशीएवढा खळगा, तिथे उंचवटा,
मधे एक बेट, त्याची कड हळू उतरती.
तो पिकअपमध्ये बसून बघत होता.
काच वर.

जुलैअखेर, जेव्हा मैलोन् मैल
डबकंही उरत नाही,
तेव्हा पाणी सोडायचं, निचऱ्याचं नव्हे,
कालव्यातलं, गोडं, मोजून.
तीन दिवस मी दारं धरली,
पायात बूट, हातात फावडं, समोर पीक नाही.
पाखरांच्या जाणकार लिंडक्विस्टबाईंनी बजावलेलं :
जास्त भरलंत तर बदकांचं, कमी तर धुळीचं.
पट्टी गाडीत राहिली होती.
हात आडवा घातला.
करंगळी चिखलात, तर्जनी पाण्याच्या वरच्या कडेशी.
चार बोटं. बास.

शेजारचा बदामवाला बांधावर येऊन गेला.
पाखरं बिल भरतात का रे?
मी म्हटलं, विचारतो.

चार दिवस कुणी आलं नाही.
माश्या आल्या. डासांच्या खात्याचा माणूस आला,
बाटलीत पाणी भरून घेऊन गेला.
ऑर्व्हिल म्हणाला, माझ्या काळात
शेतात असं पाणी उभं दिसलं असतं
तर पाटकऱ्याची नोकरी गेली असती.

पाचव्या दिवशी सकाळी
उंचवट्यावर शेकाट्या,
कुणाच्या तरी उसन्या घेतलेल्या तांबड्या टांगांवर.
दुपारपर्यंत तुतवार, चिखल्या,
मग मोजणं सोडलं.
मुठीत मावेल एवढा जीव, अलास्काहून निघालेला,
शिवणयंत्राच्या सुईसारखी चोच
चिखलात खाली, वर, खाली.

ऑगस्टात पिल्लं.
मोठी आधीच पुढे गेलेली असतात, म्हणाल्या बाई,
यांना वाट कुणी दाखवत नाही.
गेल्या वर्षी इथे काही नव्हतं.
तरी उतरली.
मी दुर्बीण खाली केली, काही सुचेना,
फळीच्या फटीतली गळती बघत बसलो.

त्या दिवशी ऑर्व्हिल उतरला.
गुडघा टेकवला, अंमळ वेळ लागला,
डावा हात पाण्यात घातला.
त्या हाताला अनामिका नाही,
कापूस वेचायच्या यंत्रानं नेली, एकोणसत्तरात.
त्याच्या हातानं मोजल्यावर म्हणाला,
जास्त झालंय.
मी फळी अर्धा इंच उतरवली.
बाईंना सांगितलं नाही.

दहा सप्टेंबर. करार संपला.
पाणी उतरत गेलं, पाखरं आत आत सरकली,
शेवटच्या परातभर ओलीभोवती गर्दी झाली,
आणि एका सकाळी आवाजच नव्हता.

आठवड्यात चिखल तडकला.
खपल्या उलट्या वळल्या, काठाला मीठ,
आणि जिकडे तिकडे ठसे, तीन तीन बोटांचे,
कुठून तरी आलेले, मधेच थांबलेले.
ऑर्व्हिलनं एक खपली दोन्ही हातांनी उचलली,
डॅशबोर्डवर ठेवली.
घरापर्यंत टिकायची नाही, म्हटलं मी.
काच खाली करून तो म्हणाला,
हळू नेतो.