पावलांविषयी

मोरिकावा-सान म्हणाले, आमच्या भुतांना पाय नसतात.
चाकणच्या कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत,
गवारीची एकेक शेंग चॉपस्टिकने उचलत.
मी दुभाषी. समोरच्या धायगुडे फोरमनना सांगितलं.
ते म्हणाले, सांगा त्यांना, आमच्यांना असतात. उलटे.

मग चार नंबरची प्रेस अर्धा तास उशिरा सुरू झाली.
मुंज्याला शब्द मिळेना.
सोडमुंजीच्या आत गेलेला मुलगा, पिंपळावर,
इथवर जमलं, पण क्रियापद कुठलं घ्यायचं?
राहतो, अडकतो, की नुसता थांबतो?
त्यांच्याकडचा एक शब्द माझ्याकडेही तसाच पडून आहे:
ज्यांच्या नावाने पाणी द्यायला कुणी उरलं नाही असे मेलेले.
मी 'बेवारस' म्हटलं.
तो पोलिसांच्या वहीतला शब्द आहे, मला माहीत होतं.

ऑगस्टमध्ये त्यांनी एक काकडी आणि एक वांगं मागितलं.
मंडईत भरताचंच मिळालं, मोठं.
बावधनला अकराव्या मजल्यावर, गॅलरीत,
त्यांनी काकडीला आगकाड्यांचे चार पाय लावले. हा घोडा,
येणाऱ्याने लवकर यावं म्हणून.
वांग्याची गाय,
जाणाऱ्याने सावकाश जावं म्हणून.
गाय पोटावर कलंडायची. गाभण दिसते, मी म्हटलं.
ते हसले, आणि मग बराच वेळ हसले नाहीत.
मातीच्या ताटलीत काड्या पेटवल्या.
सेत्सुको, एवढंच नाव, एकदाच.

धूर कुणाचा म्हणून वॉचमन वर आला.
बाराव्या मजल्यावरच्या बाईंनी तक्रार केली होती.
मी सांगितलं, साहेबांकडे पितर यायचेत.
त्याने चपला काढल्या, दोन मिनिटं उभा राहिला,
जाताना म्हणाला, दहा वाजेपर्यंत आवरा.

मी विचारलं, पायच नाहीत तर घोडा कशाला?
पाय नाहीत म्हणूनच, ते म्हणाले.

आमच्या दाराबाहेर, मांडणीच्या खालच्या फळीवर
निरंजनचे बूट आहेत. नऊ नंबर.
कुणाला होत नाहीत, कुणी टाकत नाही.
दहाव्याला ओंकारेश्वरावर कावळा आला
आणि कठड्यावर पाऊण तास नुसता बसला.
आम्ही एकेक करून सगळं कबूल केलं:
आईला बघू, कर्ज फेडू, तुझी गाडी विकणार नाही.
कावळा नदीकडे बघत होता.
शेवटी गुरुजींनी दर्भाचा केला, शिववला, म्हणाले, चला.
मागे वाटवे थांबले होते.

त्या रात्री बावधनहून आले तेव्हा जिन्यात दिवा नव्हता.
धायगुडे सांगतात, उलटी पावलं दिसली की पळायचं.
मी पळाले नाही. पहिल्या मजल्यावर थांबून
करून पाहिलं, पायऱ्या पाठमोरी चढून.
चढता येतं. कठड्याला धरावं लागतं.
आणि कळलं की अशा पायांचा माणूस
निघून जातानाही
तोंड दाराकडेच ठेवून जातो.
कुणी सांगितलं नव्हतं हे.
लहानपणापासून नुसतं घाबरवलं.

बूट खाली काढले, पायपुसण्यावर ठेवले.
चवडे रस्त्याकडे.
तोंड, माझ्या हिशेबाने, घराकडे.

सकाळी दूधवाल्याने बूट बघितले. पाहुणे आलेत?
अर्धा लिटर जास्त देऊ?
मी म्हटलं, दे.