सुभेदार केव्हा निघाले

माझं माहेर लष्कर, ग्वाल्हेर. सासर रामबाग, इंदूर.
म्हणजे बाबा आले की रविवारच्या पोह्यांवर
शिंदे-होळकर समोरासमोर बसणारच
आणि जिरावन मला दोन्हीकडे सारखं भुरभुरावं लागणार.

बाबा जिलबी मधोमध ठेवतात. हा गोल.
शेव पसरतात. हे गिलचे.
मामंजी मिरची ठेवतात, जरा रुबाबात:
"हे मल्हारराव. उजव्या बगलेला. तुमच्या शिंद्यांच्या शेजारीच."
"तेच म्हणतो मी, धुळपसाहेब. शेजारीच."

मग बाबा दोन बोटांत मिरची उचलतात,
ताटलीच्या काठापलीकडे, पेपरवर नेऊन ठेवतात.
"असे निघाले. जनकोजी मागे लढत होता."

"भाऊंचाच निरोप होता. बायकामाणसं घेऊन निघा."
"निरोप पाहिला कोणी?"
"नसेल पाहिला! विश्वासराव पडले, गोल फुटला,
बुडतंय हे ज्याला दिसतं त्यानं काय डोळे मिटायचे?"
"उभं राहायचं."
"कशासाठी, भोइटे?"
"शेजारचा उभा आहे म्हणून."

इथवर पोहे गार झालेले असतात.
माझा नवरा कूस बदलून आतून ओरडतो,
"अहो, हरलो आपण! दोघंही!"
त्याच्याकडे कुणी लक्ष देत नाही.

मला वाटायचं, इतिहासाचं वेड, दुसरं काय.
मग एकदा भाजी निवडताना वर्षं मोजली.
मामंजींनी मालवा मिल सोडली ती बंद पडायच्या आधी.
फंड उचलला, शेवेची भट्टी टाकली.
साचाखात्यातली माणसं पुढे कितीतरी दिवस
भट्टीसमोरून जाताना रस्ता ओलांडायची.

बाबा जेसी मिलच्या फाटकावर शेवटपर्यंत.
कुलूप पडल्यावरही दोन हिवाळे
डबा घेऊन निघायचे, सातच्या भोंग्याला,
जो वाजत नव्हता.
माझी फी आईच्या पाटल्यांतून गेली.
थकबाकीची तारीख अजून पडते.

मिल हा शब्द या दोघांत कधी निघालेला नाही.

काल बाबा मधेच थांबले.
जिलबी पाघळून गोल ताटलीला चिकटलेला.
मामंजी म्हणत होते, "निघाले म्हणून तर
त्याच वर्षी मांगरोळ जिंकलं! मेले असते तर?"
बाबांनी मान हलवली. खरं आहे, अशी.
मग पेपरवरच्या मिरचीकडे बघत,
लढाईच्या आवाजात नाही, वेगळ्याच,
"निघताना मागे वळून पाहिलं असेल का हो सुभेदारांनी?"

मामंजी चहा बशीत ओतत होते.
"बखरीत नाही," म्हणाले.
चहा बशीबाहेर आला, पेपरवर, मिरचीखाली पसरला,
तरी ओततच राहिले.

मी फडकं आणायला उठले.
ओट्याशी जरा जास्तच वेळ उभी राहिले, पाणी सोडून.
परत आले
तोवर लाखेरी सुरू झाली होती.